तेलही गेलं, पाणीही गेलं?

"ए बाई, तू परत सुरू झालीस?"

शुक्रवारची दुपार. हिंजवडीतल्या एका चकाचक कंपनीचं कँटीन. मी पडले फ्रीलान्सर, त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे मित्रमैत्रिणींची कँटीन्स. वायफाय त्यांचं, कॉफी त्यांची, टॉपिक माझा! त्या दिवशीचा टॉपिक होता माझी पहिलीवहिली कार. पेट्रोल घेऊ, सीएनजी घेऊ, की ईएमआय जरा ताणून इलेक्ट्रिकच घेऊन टाकू? बोलता बोलता मी नेहमीचं वाक्य टाकलं, की बाबांनो, तेल काही जन्मभर पुरणार नाहीये.

झालं! सगळे तुटून पडले.

आमच्यातला एक डेटा अॅनालिस्ट आहे. जेवताना पोळीबरोबर आकडे खातो. तो म्हणाला, "१९८० साली जगाकडे किती वर्षांचं तेल शिल्लक होतं? साधारण तीस. २०२० साली? साधारण पन्नास. चाळीस वर्षं ढोसून साठा वाढला! असा बँक बॅलन्स मला पण पाहिजे, यार."

टेबलावर टाळ्या. एकीने तर मला फ्राइज पण ऑफर केले, सहानुभूती म्हणून.

गंमत म्हणजे त्याचे आकडे बरोबर होते. मी घरी येऊन तपासले. (हरलेला माणूस आधी गूगल करतो.) आणि जसजशी वाचत गेले, तसतसं वाटायला लागलं की शंका घेणाऱ्यांची बाजू काही कच्ची नाही. कच्च्या बाजूने तर आपणच बोलत होतो!

लांडगा आला रे…

'तेल संपणार' ही बातमी तेलाच्या धंद्याइतकीच जुनी आहे. १९५६ मध्ये शेल कंपनीतला भूगर्भशास्त्रज्ञ किंग हबर्ट याने टेक्सासमध्ये भर सभेत सांगितलं, की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या आसपास शिखरावर जाईल आणि मग उतरणीला लागेल. लोकांनी उडवून लावलं. १९७० मध्ये नेमकं तसंच झालं, आणि हबर्ट रातोरात ज्योतिषी ठरला. पण पुढे? अमेरिकनांनी शेल नावाचा खडक फोडून तेल काढायची युक्ती साधली आणि २०१८ मध्ये १९७० चा विक्रम मोडून दाखवला. ज्योतिषी पुन्हा बाद!

१९७२ साली 'लिमिट्स टू ग्रोथ' नावाचं पुस्तक आलं. त्यातल्या कोष्टकात तेलापुढे ३१ वर्षं असा आकडा होता, त्या वेळच्या माहीत असलेल्या साठ्याला त्या वेळच्या वापराने भागून काढलेला. लोकांनी त्याची भविष्यवाणी करून टाकली. २००३ उजाडलं, पंपावर पेट्रोल होतंच. जुलै २००८ मध्ये पिंपाचा भाव १४७ डॉलरवर गेला, तेव्हा सगळे म्हणाले, आता संपलं. आणि २० एप्रिल २०२० ला, कोविडच्या लॉकडाऊनमध्ये, अमेरिकेत वायद्याचा भाव चक्क शून्याखाली गेला. उणे ३७ डॉलर! म्हणजे तेल घ्या आणि वर पैसे पण घ्या.

आता मला सांगा, इतक्या वेळा लांडगा आला नाही, तर माणसाने काय दरवाजा लावून बसायचं?

तरी मनात काहीतरी खटकत होतं. साठा वाढला म्हणजे जमिनीत तेल वाढलं का? तर नाही. 'साठा' म्हणजे आजच्या भावात, आजच्या मशिनरीने काढायला परवडेल तेवढं तेल. भाव चढला की आधी न परवडणारं तेलही हिशेबात येतं. कॅनडातली डांबरासारखी वाळू, व्हेनेझुएलातलं काकवीसारखं जड तेल, हे सगळं मागाहून यादीत आलं. बँक बॅलन्स वाढला, कारण घरातली भांडीकुंडीपण मोजायला घेतली.

छान पॉइंट होता. पण सोमवारी कँटीनमध्ये हा पॉइंट मांडायच्या आधीच शनिवारी सकाळी काकांचा फोन आला.

"बोअर घ्यायचाय. जरा पैसं लागतेत. तू येऊन जा एकदा."

डायरेक्ट धाराशिव

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरणेच्या पट्ट्यात. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर जिल्हा उस्मानाबाद आहे. २०२३ मध्ये शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव बदललं. टँकर मात्र तोच राहिला! बाबा नोकरीसाठी पुण्याला आले, जमीन काका कसतात. आमच्याकडे हिशेबाचे कागद नसतात, फोन असतो. काकांनी आजवर कधी माझ्याकडे पैसे मागितले नव्हते. यावेळी मागितले दीड लाख. आणि योगायोग बघा, माझ्या गाडीच्या डाउन पेमेंटसाठी मी बाजूला ठेवलेत तेही साधारण तेवढेच.

ट्रॅव्हल्सने पहाटे उतरले. चहा झाला. लिंबाच्या पारावर काका, शेजारचे एक रिटायर्ड एसटी ड्रायव्हर आणि बोअरच्या गाडीचा एजंट अशी मीटिंग आधीच भरलेली. एजंटकडे मोबाइलवर रेटकार्ड होतं. पहिल्या तीनशे फुटांना एक रेट आणि पुढे दर शंभर फुटांना चढता. केसिंगचे वेगळे. गाड्या बहुतेक तमिळनाडूच्या, तिकडे तिरुचेंगोड नावाच्या गावात बोअरच्या गाड्यांचं माहेरघरच आहे.

"एवढा चढता रेट का हो?" मी विचारलं.

"मॅडम, खाली जाईल तसं कॉम्प्रेसर जास्त डिझेल पितो. डिझेल वाढलं की रेट वाढला."

मला काय, आयतीच संधी! मी तिथेच लेक्चर सुरू केलं. हबर्ट, शेल, कॅनडा. ड्रायव्हर काकांनी शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाले, "मी एसटीत लागलो तवापासून ऐकायलोय, तेल संपणार म्हनून. तीस वर्सं गाडी हाणली. डेपोत डिझेल न्हाई म्हनून फेरी रद्द झाली असं दोन-चारदाच झालं, ते बी संपामुळं."

काका हसले. "पोरी, तेल काय संपत न्हाई. संपलं म्हनत्यात ते भाव वाढवायसाठी."

हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. रिक्षात, लग्नात, शेअर बाजारातल्या मित्राकडून. यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा काही महिन्यांत भाव चौपट झाला होता. जमिनीत तेल तेवढंच होतं, नळ कुणीतरी बंद केला होता. ज्याने एकदा असा नळ बंद झालेला पाहिलाय, तो पुढच्या प्रत्येक टंचाईकडे संशयानेच बघणार.

मग मी आपल्या घरचं उदाहरण काढलं. मुंबई हाय. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात तेल शोधलं, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आपली केवढी कॉलर टाइट झाली होती! ऐंशीच्या दशकात तिथून दिवसाला चार लाख पिंपांहून जास्त तेल निघायचं. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास निघतं. ओएनजीसीने २०२५ च्या सुरुवातीला उत्पादन सावरण्यासाठी बीपी या परदेशी कंपनीला तांत्रिक मदतीला घेतलं. आणि आपण देश म्हणून लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो.

"मग आणत्यात की," काका म्हणाले. "मिळतंय तोवर आणायचं."

माझा स्कोअर, शून्य.

विहीर कुठल्या दिवशी संपली?

दुपारी जेवून आम्ही शेताकडे निघालो. वाटेत आमची जुनी विहीर. दगडी बांधकाम, आत पिंपळाचं रोप उगवलेलं. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे वाकून बघायला बंदी होती, म्हणून मी हमखास बघायचे. आता वाकले तर तळाला शेवाळलेला चिखल आणि एक फुटका घागर.

मी सहज विचारलं, "काका, ही विहीर नेमकी कधी संपली हो?"

आणि हा माणूस, जो सकाळपासून माझी प्रत्येक गोष्ट एका वाक्यात उडवत होता, बांधावर बसून तासभर बोलला.

बाहत्तरच्या दुष्काळात ही विहीर चाळीस फूट होती. त्या वर्षी घरात धान्य नव्हतं, आजोबा-आजी खडी फोडायच्या कामावर जायचे, पण विहिरीत प्यायपुरतं पाणी होतं. ऐंशीनंतर मोट गेली, लाईट आली, मोटर बसली. विहीर साठ फुटांवर नेली. १९९५ ला पहिला बोअर, एकशे ऐंशी फूट, तीन एचपीची मोटर, दोन इंच पाणी! पेढे वाटले होते. २००४ ला दुसरा, साडेतीनशे फूट, पाच एचपी. २०१३ ला तिसरा, साडेपाचशेवर. मोटर साडेसात एचपी, पाणी एक इंच, तेही तासभर चाललं की दोन तास थांबायचं. २०१६ ला, ज्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आमच्याच जिल्ह्यातून गेली, तेव्हा चौथा. सातशे फूट. धुरळा. नुसता पांढरा धुरळा!

"पण संपली कधी?"

काका विचारात पडले. "अशी संपली न्हाई बघ ती. अजून बी पावसाळ्यात पाणी असतंय तिला. एका दिवशी संपली असं न्हाई झालं. पुरंना झालं. आदी उन्हाळ्यात पुरंना, मग संक्रांतीलाच पुरंना. मग मोटर जळायला लागली. मग आपनच तिच्याकडं बघायचं सोडलं."

मी वहीत लिहून घेतलं. पुरंना झालं.

कँटीनमध्ये मला जे सांगायचं होतं ते एवढंच होतं, आणि मी तीन भाषांतले चार्ट घेऊन फिरत होते! तेलाचा शेवटचा थेंब कुणी बघणार नाही. आधी सोपं तेल जातं, ज्याला भोक पाडलं की आपोआप वर यायचं. मग खोल समुद्रातलं, खडकातलं, डांबरातलं. तेच एक पिंप काढायला जास्त लोखंड, जास्त डिझेल, जास्त कर्ज. काकांच्या भाषेत, तीन एचपीवरून साडेसात एचपी आणि दोन इंचावरून एक इंच.

मी हे सगळं काकांना सांगितलं. यावेळी त्यांनी पूर्ण ऐकलं. मान हलवली. म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

मी मनातल्या मनात भांगडा करणार, तेवढ्यात पुढचं वाक्य आलं.

"म्हनून तर आठशे फुटावर जायचंय. तुझ्या अमेरिकेनं बी तेच केलं की!"

टँकरभर मायलेज

आता बोला! अमेरिकेने खोल जाऊन विक्रम मोडला, मग आमच्या काकांनी का नाही जायचं?

मी म्हटलं, कायदा आहे. २००९ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा खोल बोअर घ्यायला बंदी आहे. एजंट, जो आमच्या मागोमाग शेतात आला होता, इतका मनापासून हसला की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

मग मी खडकाचं सांगितलं. आपल्याखाली सगळा काळा बेसॉल्ट. पाणी मुरतं ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. खाली कुठे एखादी भेग लागली तर लागली, पण तिच्यातलं पाणी कैक वर्षांचं साठलेलं असतं, ते उपसलं की लवकर भरून येत नाही. यावर काकांनी जे उत्तर दिलं ते ऐकून मला आमचा डेटा अॅनालिस्ट आठवला.

"२०२५ च्या सप्टेंबरात किती पाऊस झाला ठाव हाय ना? परंडा, भूमकडं पूर आला. रानं खरवडून गेली, जनावरं वाहून गेली. आन तू म्हनायलीस पाणी संपायलंय!"

तेच ते उणे ३७ डॉलर! एका वर्षी रस्त्यावर वाहून गेलं, की मागच्या चाळीस वर्षांचा हिशेब पुसला जातो. पुराचं पाणी बेसॉल्टवरून धावत नदीला गेलं आणि नदीतून कर्नाटकात. आठशे फुटांवर त्याचा पत्ता पोचायला किती काळ लागेल, याच्याशी पुराला देणंघेणं नसतं. पण ज्याच्या रानात गुडघाभर पाणी उभं होतं, त्याला हे सांगायला जीभ वळत नाही. माझी तरी वळली नाही.

बोअर कशासाठी? तर ऊस. जिल्ह्यात साखर कारखाने आहेत आणि ऊस गेला की पैसे येतात, सोयाबीनच्या भावाचा भरवसा नाही. काकांनी तर माझ्याच विषयाने मला पकडलं.

"तेल संपलं तर संपू दे. गाड्या आमच्या उसावर चालतेल! इथेनॉल हाय की."

हेही खरंच आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं. कळंब तालुक्यातल्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्याने २०२१ च्या कोविड लाटेत आपल्या इथेनॉल प्रकल्पात ऑक्सिजन तयार करून दाखवला, तेव्हा अख्ख्या देशात बातमी झाली होती. आम्हालाही केवढा अभिमान! पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात एक हिशेब आहे. उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे सुमारे २,८६० लिटर पाणी.

मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढला. मला घ्यायची होती त्या गाडीची टाकी पस्तीस लिटरची. वीस टक्के म्हणजे सात लिटर इथेनॉल. सगळं उसाचं धरलं तर (सगळं नसतं, मक्याचं आणि तांदळाचंही असतं) वीस हजार लिटर पाणी. गावात येतो तो टँकर दहा हजारचा. म्हणजे मी पुण्यात एकदा टाकी फुल केली, की दोन टँकर.

काकांनी स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आन तू गाडी कवा घ्यायलीस?"

पारावर एकदम शांतता. ड्रायव्हर काकांनी तंबाखू थुंकली. मला उत्तर सुचलं नाही आणि अजूनही फारसं सुचलेलं नाही. 'पुण्यात मेट्रो सगळीकडे जात नाही' हे उत्तर बेसॉल्टवर बसून देता येत नाही.

संध्याकाळी जेवताना मी म्हटलं, काका, बोअरला नको. ठिबकला घ्या, विहीर साफ करून पुनर्भरण करा, त्याला देते. काकू म्हणाली, "बरं म्हनतीय ती." काका काही बोलले नाहीत. आमच्याकडे पुरुष माणूस भात कालवायचा थांबला की समजायचं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला चुलतभाऊ आला, काका आले नाहीत.

बसमध्ये मला हे सारखं आठवत होतं, की मी त्यांना पटवून दिलं होतं! माझा मुद्दा त्यांनी मान्य केला होता. आकड्यांशी त्यांचं भांडणच नव्हतं. त्यांना यंदाचं वर्ष काढायचं होतं. मुलीचं लग्न आहे, सोसायटीचं कर्ज आहे, आणि पुनर्भरणाचं पाणी दोन पावसाळ्यांनी दिसणार. माझ्या कँटीनमधल्या मित्रांचंही तेच असेल का? पंधरा वर्षांचं होम लोन घेतलेल्या माणसाला तीस वर्षांनंतरच्या तेलाची चर्चा जेवणाच्या सुट्टीत नकोच असणार. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने म्हटलं होतं की तेलाची मागणीच २०३० च्या आत शिखर गाठेल, ओपेकने ते झटकून टाकलं. एवढ्या मोठ्या लोकांचं एकमत नाही, तर आमच्या टेबलाचं कुठून होणार?

महिनाभराने रात्री साडेनऊला काकांचा फोन.

"झोपलीस का?"

"नाही हो काका. बोला ना."

बोअर घेतला होता. पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली, पैसे सोसायटी आणि पाहुण्यांकडून उभे केले. सातशे वीसवर जरा ओल लागली, सगळे उठून उभे राहिले. मग आठशे साठपर्यंत धुरळा. गाडीवाला सकाळी पैसे मोजून पुढच्या गावाला गेला. हे सगळं त्यांनी दुसऱ्याच्या शेतातली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. मला काय बोलावं कळेना. मी ठिबकचं नाव काढलं नाही.

मग तेच म्हणाले, "तू ते समुद्रातलं सांगत हुतीस. मुंबई हाय. तिथं किती फूट गेलेत?"

"समुद्राच्या तळाखाली चार हजार फुटांच्या आसपास."

"चार हजार!" फोनवर मोठा श्वास. "आन अजून लागायलंय तेल?"

"लागतंय. पण जुन्या तेलविहिरींचं असं असतं काका, की तेल कमी होत जातं आणि पाणीच जास्त यायला लागतं. वर तेल ढकलायला ते स्वतःच समुद्राचं पाणी आत सोडतात."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. आणि मग काका जे हसायला लागले, ते खोकला येईपर्यंत. आतून काकूचा आवाज, काय झालं म्हणून.

"अगं, ऐक की," ते तिला ओरडून सांगत होते, "त्यांच्या बोअरला पाणी लागायलंय, आन आमच्या बोअरला धुरळा!"

हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "गाडी घेतलीस का?"

"नाही अजून."

"हां," ते म्हणाले. "मग ते विहीर साफ करायचं काय म्हनत हुतीस, त्याला किती लागत्यात, ते सांग एकदा. पाऊस यायच्या आदी."